दादासाहेब फाळके : कारागिराचा कारखाना आणि भांडवलाचा धंदा

१

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्राकडे का वळावे, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले आहे. १९६९ पासून देशातील चित्रपटक्षेत्राचा सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. परंतु 'जनक' या एका शब्दाने चरित्राचा निकाल लावला म्हणजे त्यातील दोन अवघड प्रश्न नजरेआड होतात. ज्याच्यापाशी पुरेसे भांडवल नव्हते, ज्याला या धंद्याचा कसलाही पूर्वानुभव नव्हता, अशा चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाला १९१३ साली पूर्ण लांबीचा चित्रपट तयार करणे कसे शक्य झाले, हा पहिला प्रश्न. आणि ज्याने हा धंदा उभा केला त्यालाच, तो भरभराटीस आला असताना, त्यातून बाहेर का पडावे लागले, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाला प्रतिभा व चिकाटी, तर दुसऱ्याला जगाचा कृतघ्नपणा, अशी उत्तरे सामान्यतः दिली जातात. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मूलतः एकच आहे. चित्रपट ही कारागिरी आहे, तिचे सर्व धागे एकाच कारागिराच्या हाती असावेत आणि तिचा कारखाना म्हणजे विस्तारलेले घरच असावे, ही फाळके यांची धारणा होती. याच धारणेने त्यांना यश दिले आणि याच धारणेने पुढे त्यांची कोंडी केली. या धारणेचा सर्वात बोलका पुरावा मराठी गद्यात, फाळके यांच्या स्वतःच्या लेखनात आहे. म्हणूनच हा विषय आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येतो.

२

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. घरात पौरोहित्याची व पुराणकथनाची परंपरा होती. पुढे संस्कृतच्या अध्यापनानिमित्त वडील मुंबईस आले आणि धुंडिराजांचे शिक्षण मुंबईत होऊ लागले. १८८५ साली त्यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. नंतर थोरल्या बंधूंबरोबर ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण व त्यांच्याशी संबंधित तंत्रे आत्मसात केली. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात कलाशिक्षण व उद्योगशिक्षण यांची सांगड घालण्याचा प्रयत्न चालू होता. चित्र काढणे आणि चित्राची प्रत छापणे ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत, हा संस्कार फाळके यांच्यावर तेथे झाला, असे मानावयास हरकत नाही.

त्यानंतरची सुमारे वीस वर्षे वरवर पाहता अस्थिरतेची वाटतात. त्यांनी गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. तेथे प्लेगमध्ये पहिली पत्नी व मूल दगावले. बडोद्यास परतल्यावर जादूचे प्रयोग शिकून, आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून घेतलेल्या प्रोफेसर केल्फा या नावाने त्यांनी ते करून दाखविले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई या किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या घरातील होत्या. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून ते रुजू झाले. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली. मग लोणावळ्यास त्यांनी ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला आणि राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी कामे केली. हाच व्यवसाय पुढे दादरला भागीदारीत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने चालू लागला. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी फाळके जर्मनीस जाऊन आले. परंतु लवकरच भागीदारांशी मतभेद झाले आणि त्यांनी छापखाना सोडला.

हे सर्व व्यवसाय एका ओळीत मांडून पाहिले म्हणजे त्यांतील सुसंगती ध्यानात येते. छायाचित्रण, रसायनांचा वापर, नेपथ्य, हातचलाखी, यंत्रांची जोडणी, पौराणिक चित्रांची छपाई : चित्रपटाला लागणारी बहुतेक सर्व अंगे फाळके यांच्या हाती चित्रपट पाहण्यापूर्वीच आलेली होती. त्याचबरोबर भागीदारीतील बेबनावाचा पहिला अनुभवही त्यांनी घेतलेला होता. कारागीर आपल्या कामाच्या दर्जावर अडून बसतो, पैसा घालणारा खर्चाकडे पाहतो, आणि अखेर कारागीरच उंबरठा ओलांडून बाहेर पडतो, हा त्यांच्या चरित्रातील क्रम येथून सुरू होतो.

३

हलती चित्रे भारताला तोपर्यंत नवी राहिलेली नव्हती. पॅरिसमध्ये डिसेंबर १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी आपला सार्वजनिक खेळ केला आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तोच चमत्कार दाखविला गेला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली कुस्तीचे चित्रण केले होते. १९१२ च्या मे महिन्यात रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' मुंबईत दाखविला गेला. तोरणे यांचा हा मान नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते एका नाटकाचे चित्रण होते आणि कॅमेऱ्यामागे परदेशी तंत्रज्ञ होता. फाळके यांचे वेगळेपण कालक्रमात शोधण्यापेक्षा कामाच्या पद्धतीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

१९११ च्या सुमारास गिरगावात फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ व अयोध्या येऊ लागली आणि आपल्या देशाची चित्रे अशी पडद्यावर येतील का, या विचाराने आपल्याला ग्रासले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. या प्रसंगाकडे बहुतेक चरित्रकार साक्षात्कार म्हणून पाहतात. परंतु त्यानंतरचे फाळके साक्षात्कारी पुरुषासारखे वागलेले नाहीत. नवे यंत्र हाती आलेल्या कारागिरासारखे वागले आहेत. त्यांनी रोज खेळ पाहिले, मिळतील ती पुस्तके व सूचिपत्रे मिळविली, लहानसा कॅमेरा आणून प्रयोग केले. या अतिश्रमाने काही काळ त्यांची दृष्टी गेली. वैद्यकीय उपचारांनी ती परत आली.

विमा पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना ते भेटले. हा धंदा इंग्लंडमध्येही अनेकांना बुडविणारा ठरला आहे, अशा आशयाचा इशारा त्यांना मिळाला; पण त्याच संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेची दारे त्यांना खुली झाली आणि तेथील कामाच्या सर्व पायऱ्या त्यांनी डोळ्यांखालून घातल्या. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये परत आले.

परतल्यावर त्यांनी प्रथम चित्रित केले ते कुंडीतील वाटाण्याच्या दाण्याचे उगवणे. रोज थोडी थोडी चित्रे घेऊन महिन्याभराची वाढ त्यांनी क्षणभरात दाखविली. 'अंकुराची वाढ' या चिमुकल्या पटाने भांडवलदाराला विश्वास दिला आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी कर्ज मिळाले. कारागीर आपल्या हाताचा नमुना दाखवून काम मिळवितो, तशीच ही रीत होती.

दादरच्या राहत्या घरीच कारखाना उभा राहिला. पटकथा, नेपथ्य, वेषभूषा, चित्रण, धुलाई, जोडणी ही सर्व कामे फाळके यांच्या देखरेखीखाली, पुष्कळशी त्यांच्या हातांनी झाली. त्र्यंबक तेलंग या मित्राला त्यांनी कॅमेरा चालविण्यास शिकविले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. स्त्रीपात्र मिळेना. वेश्यावस्तीतही शोध घेऊन झाला, पण उपयोग झाला नाही. अखेर हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि फाळके यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जात असल्याने, आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगण्याची सूचना मंडळींना दिलेली होती. ही आख्यायिका विनोद म्हणून सांगितली जाते. २००९ च्या एका मराठी चित्रपटाने तिच्यावरूनच आपले नाव घेतले. पण तिच्यातील 'कारखाना' हा शब्द केवळ सबब नव्हता. फाळके यांच्या लेखी ती जागा खरोखरच कारखाना होती.

आणि तो कारखाना घराच्या पायावर उभा होता. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळला, रात्री अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला छिद्रे पाडली, रसायने कालवली, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परतविला. भारतीय चित्रपटाच्या तंत्राचे शिक्षण घेतलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख व्हावयास हवा. त्यांच्या श्रमाला वेतन नव्हते, श्रेयनामावलीत जागा नव्हती. १९१३ साली चित्रपट शक्य झाला याचे एक कारण फाळके यांची प्रतिभा हे आहे. पण ज्या कामासाठी भांडवलदाराला पगार मोजावा लागला असता ते काम घरातल्या बाईने केले, हे दुसरे कारण तितकेच खरे आहे.

सहा महिने सत्तावीस दिवसांत सुमारे ३७०० फूट लांबीचा चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

४

त्याच वर्षी फाळके यांनी कारखाना नाशिकला हलविला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला या मायलेकींनी भूमिका केल्या आणि पडद्यावर स्त्रिया आल्या. १९१४ साली तीन चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या कामाची वाखाणणी झाली, परंतु महायुद्ध सुरू झाले आणि परतल्यावर पैसा पुरविणाऱ्यांनी हात आखडता घेतला. या ओढाताणीच्या काळातही आगकाड्यांची हालचाल दाखविणारे व चित्रपट कसा तयार होतो ते समजावून सांगणारे लघुपट त्यांनी केले. आपल्या धंद्याचे रहस्य लपविण्याऐवजी ते पडद्यावर उलगडून दाखविणाऱ्या या माणसात शिक्षकाची वृत्ती प्रबळ होती.

१९१७ च्या 'लंकादहन'ने दैन्य संपविले. अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. चित्रपटाला विलक्षण गर्दी लोटली. याच यशाच्या पार्श्वभूमीवर 'नवयुग' मासिकात नोव्हेंबर १९१७ पासून फाळके यांचे भारतीय चित्रपटासंबंधीचे लेख प्रसिद्ध झाले.

हे लेख आजवर मुख्यत्वे माहितीचे साधन म्हणून वापरले गेले आहेत. त्यांचे वाङ्मयीन स्वरूप मात्र स्वतंत्र विचार करण्याजोगे आहे. आत्मवृत्त, धंद्याचा हिशेब आणि देशकार्याचे निवेदन असे तीन सूर त्यांत एकमेकांत मिसळतात. आपला धंदा स्वदेशी आहे, कारण त्याचे भांडवल, मालकी, कामगार आणि कथा स्वदेशी आहेत, अशी मांडणी ते करतात. होमरूलच्या चळवळीच्या दिवसांत हा युक्तिवाद वाचकांना भिडणारा होता. परंतु बारकाईने पाहिले असता या गद्याचा खरा नायक राष्ट्र नसून हाताने काम करणारा माणूस आहे, असे दिसून येते. आपण काय शिकलो, कोणते यंत्र कसे जुळविले, कोणती अडचण कशी सोडविली, हे सांगताना त्यांची वाक्ये आटोपशीर व नेमकी होतात. देशकार्याविषयी लिहिताना ती तत्कालीन वक्तृत्वाच्या वळणावर जातात. मराठी निबंधाच्या इतिहासात कारागिराने स्वतःच्या कामाविषयी केलेले लेखन विरळा आहे. त्या दृष्टीने 'नवयुग'मधील लेखांचे महत्त्व चित्रपटाच्या इतिहासापुरते मर्यादित राहत नाही.

५

या लेखमालेच्या काळातच चरित्राला वळण मिळाले. लोकमान्य टिळकांसारखे नेते फाळके यांच्या कामाविषयी आस्था बाळगून होते आणि त्यांच्या धंद्याला मोठ्या कंपनीचे रूप देण्याच्या वाटाघाटी झाल्या होत्या. फाळके यांनी अखेर भागीदारी पत्करली आणि १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान फिल्म कंपनी अस्तित्वात आली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट प्रभृती भागीदारांनी पैसा घातला. फाळके यांचे भांडवल त्यांचे कौशल्य होते.

'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या काळातील होत. दोहोंत फाळके यांची कन्या मंदाकिनी कृष्णाच्या भूमिकेत होती. 'कालियामर्दन'च्या प्रारंभी ही मुलगी स्वतःच्या वेषात प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावरील निरनिराळे भाव करून दाखविते आणि मग कृष्ण होते. बापाने मुलीला शिकविलेली विद्या लोकांसमोर मांडली जात आहे, असा तो प्रसंग आहे. घर आणि कारखाना यांतील सीमारेषा फाळके यांच्यासाठी किती पुसट होती, हे यावरून कळते.

भागीदारांना ही सीमारेषा स्पष्ट हवी होती. खर्चाचे अंदाज, चित्रपट पूर्ण होण्याच्या मुदती, माणसांची नेमणूक, यंत्रांवरील ताबा, या प्रत्येक बाबतीत खटके उडू लागले. येथे भागीदारांना खलनायक ठरविणे सोपे आहे; परंतु ते न्याय्य होणार नाही. गुंतविलेल्या पैशाचा हिशेब मागणे हा त्यांचा अधिकार होता. दुसऱ्या बाजूने, हिशेबाच्या वहीत न मावणारा प्रयोग केल्यावाचून फाळके यांचे काम पुढे जात नव्हते. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असूनही एकत्र नांदू शकत नाहीत, अशा प्रकारचा हा पेच होता. १९१९ च्या अखेरीस फाळके यांनी कंपनी सोडली आणि ते कुटुंबासह काशीस गेले.

काशीत त्यांनी 'रंगभूमि' हे नाटक लिहिले. तत्कालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे हे नाटक इतके विस्तृत होते की, त्याच्या प्रयोगासाठी दोन रात्री लागत. १९२२ मध्ये ते रंगमंचावर आले, पण प्रेक्षकांनी त्याचे स्वागत केले नाही. नाट्यगुणांच्या दृष्टीने त्याची बाजू उचलून धरण्याचे कारण नाही. चरित्राच्या दृष्टीने मात्र ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. धंद्याच्या रेट्यात कलेचे काय होते, हा फाळके यांना छळणारा प्रश्न होता आणि चित्रपटाच्या जगातला तो प्रश्न त्यांनी नाटकाच्या जगाच्या आडून मांडला.

काशीच्या वास्तव्यातील आणखी एक प्रसंग मराठी पत्रसृष्टीशी निगडित आहे. 'संदेश'कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी फाळके यांना परत येण्याविषयी लिहिले. चित्रपटाच्या दृष्टीने आपण मेलो आहोत, अशा अर्थाचे उत्तर फाळके यांनी धाडले. कोल्हटकरांनी ते पत्र, फाळके काशीत वारल्याचा भास व्हावा अशा मथळ्याखाली छापून टाकले. वाचकांची पत्रे येऊ लागली आणि ती कोल्हटकरांनी काशीला रवाना केली. १९२२ साली फाळके हिंदुस्थान फिल्म कंपनीत परतले. मात्र आता ते पगारी तंत्रप्रमुख होते.

६

पुढील वर्षांत त्यांनी कंपनीसाठी अनेक चित्रपट केले. १९२७-२८ मध्ये रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीपुढे त्यांनी साक्षही दिली. पण चित्रपटाचे जग बदलले होते. मायाशंकर भट्ट यांच्या साहाय्याने हाती घेतलेला 'सेतुबंधन' पूर्ण होईपर्यंत १९३१ साली 'आलम आरा' हा बोलपट आला होता. मूकपट म्हणून तयार झालेल्या 'सेतुबंधन'ला मागाहून ध्वनीची जोड द्यावी लागली. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट व अखेरचा चित्रपट. त्यानंतर नाशिक येथे अर्थाजनाचे साधन नसलेल्या स्थितीत त्यांचे उत्तरायुष्य गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

या शोकांतिकेचा अर्थ लावताना कोल्हापूरकडे पाहणे उद्बोधक ठरते. बाबुराव पेंटर हेही चित्रकार व कारागीर. त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांनाही पुढे आपलीच कंपनी सोडावी लागली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली प्रभात काढली. तेथे छायालेखन, कलानिर्देशन, दिग्दर्शन व अर्थव्यवस्था यांची वाटणी मालकांमध्येच झालेली होती. कारागिरी आणि भांडवल यांचा सांधा, निदान काही काळ, तेथे जुळला. एका कारागिराच्या हाती सर्व धागे असावेत हा फाळके यांचा आग्रह आणि त्या धाग्यांची पाच जणांत वाटणी करणारी प्रभातची व्यवस्था, यांमध्ये सुमारे दहा वर्षांचे अंतर आहे. पण ती दोन भिन्न युगे आहेत.

तथापि फाळके यांचा आग्रह वायफळ होता असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे होईल. हॉटेलातून आलेले अण्णा साळुंके पुढे छायालेखक झाले, ही गोष्ट त्या कारखान्यातील गुरुशिष्यपरंपरेची साक्ष देते. प्रस्थापित कंपनी, प्रशिक्षित तंत्रज्ञ व खात्रीची बाजारपेठ यांपैकी काहीही नसताना चित्रपट जन्मास येणार होता तो अशा घरगुती कारखान्यातच.

फाळके यांच्या मूकपटांचा फार मोठा भाग आज नष्ट झाला आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली व शेवटची रिळे उपलब्ध आहेत आणि तीही १९१७ मधील पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. 'कालियामर्दन' सुदैवाने बऱ्याच अंशी टिकले आहे. ज्याचे मुख्य काम अशा रीतीने लयास गेले, त्याच्या चरित्राचा आधार म्हणून त्याच्या शब्दांचे मोल वाढते. 'नवयुग'मधील लेख, 'रंगभूमि' नाटक आणि 'संदेश'मधील पत्रप्रकरण यांचा एकत्रित अभ्यास होणे म्हणूनच अगत्याचे आहे. चित्रपटाचा अभ्यासक त्यांत तारखा शोधील. ज्या माणसाने हाताने काम केले आणि त्या कामाविषयी मराठीत विचारही केला, त्याचा शोध घेणे हे मात्र मराठीच्या अभ्यासकाचे काम आहे.